डोक्यावरचा शब्द : गोगँच्या ‘नेव्हरमोअर’चे एक वाचन

पॉल गोगँच्या १८९७ मधील ‘नेव्हरमोअर’ या चित्राच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात एक शब्द रंगवलेला आहे. तो चित्राच्या मागच्या बाजूस किंवा चौकटीखालच्या पट्टीवर असता, तर शीर्षक म्हणून त्याचा उल्लेख करून पुढे जाता आले असते. परंतु तो रंगपृष्ठावरच, ठळक रोमन अक्षरांत, निजलेल्या स्त्रीच्या डोक्याच्या वरच्या अंगाला आहे. त्याखाली चित्रकाराची सही, सालाचे आकडे आणि ‘ओ. ताइति’ अशी स्थळनोंद येते. एका शब्दामुळे चित्र ‘वाचण्या’ची सोय होते असे आपण साहित्याचे अभ्यासक सहजच धरून चालतो. या चित्रापुरता तो शब्द अर्थ देण्यापेक्षा अर्थाचे वाटप करतो, म्हणजे कोणाला काय कळावे आणि कोणाला काय कळू नये हे ठरवतो, असे मला वाटते. त्या वाटपात निजलेल्या स्त्रीच्या वाट्याला काय येते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

चित्र लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहात आहे. उंची सुमारे ६० सेंटिमीटर, रुंदी जवळजवळ तिच्या दुप्पट, ११६ सेंटिमीटर. या आडव्या पट्ट्यात एक तरुण ताहितीय स्त्री कुशीवर, आपल्याकडे तोंड करून, विवस्त्र निजली आहे. डोके डावीकडे, लिंबासारख्या पिवळ्या उशीवर. चित्रातला हा एकच रंग मोठ्याने बोलतो. बाकी सारे निळ्या, तपकिरी, जांभळट छटांत बुडालेले आहे. नितंबाचा चढ डोंगराच्या रेषेसारखा वर येतो आणि पायांकडे उतरतो. मागची भिंत नक्षीच्या उभ्या पट्ट्यांत विभागलेली. तिच्यातील एका उघड्या जागी एक पक्षी बसला आहे आणि उजवीकडे, दाराशी, दोन वस्त्रावृत आकृती बोलत उभ्या आहेत. स्त्री झोपलेली नाही. तिचे डोळे उघडे आहेत, पण ते आपल्यावर रोखलेले नाहीत. बुबुळे कडेला सरकली आहेत. पाठीमागे काहीतरी चालले आहे याची जाणीव असलेल्या, पण वळून न पाहणाऱ्या माणसाची ती नजर आहे.

मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’मधील भूमिकेवरून पाहू गेल्यास येथवर आपण जे नोंदवले त्यातील निम्मे चित्रबाह्य ठरेल. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी बांधलेली संवेदनांची रचना एवढेच चित्राचे स्वत्व. आडव्या देहाची वळणदार रेषा आणि भिंतीच्या उभ्या सरळ रेषा यांचा विरोध, उशीच्या पिवळ्याने अवघ्या अंधाऱ्या पृष्ठास दिलेला तोल इत्यादी गोष्टी त्या भूमिकेतून उत्तम सांगता येतात आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. कारण या चित्राकडे थेट कथेच्या वाटेने जाणारे समीक्षक त्या सांगतच नाहीत. पण कोपऱ्यातील शब्दाचे काय करायचे? तो अक्षराकारांचा एक समूह म्हणून पाहिला, तर डाव्या बाजूच्या अंधाऱ्या पट्ट्यास थोडे वजन देण्यापलीकडे त्याचे कार्य उरत नाही. अर्थ म्हणून पाहिला, तर मर्ढेकरांनी ज्याला चित्राच्या दाराबाहेर उभे केले ते साहित्य एकदम आत येऊन बसते. हा दोष मर्ढेकरांच्या सिद्धान्ताचा म्हणून मी सांगत नाही. सिद्धान्त जेथे थांबतो ती जागाच बहुधा पुढच्या विचाराची असते.

तर शब्द. तो पोच्या ‘द रेव्हन’ या १८४५ सालच्या कवितेतील पालुपद आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र तो ताहितीपर्यंत कसा पोचला याचा मार्ग पाहणे अगत्याचे ठरते. गोगँ पोला इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासातून ओळखत नव्हता. त्याचा पो पॅरिसचा होता. बोदलेअरने त्या कवितेचे गद्य भाषांतर केले, १८७५ मध्ये मालार्मेचे भाषांतर मानेच्या चित्रांसह निघाले आणि प्रतीकवादी वर्तुळात तो काळा पक्षी जणू कुलचिन्ह होऊन बसला. १८९१ मध्ये, ताहितीस प्रयाण करण्यापूर्वी, गोगँने मालार्मेचे एक अम्लरेखन केले आहे. त्यात कवीच्या डोक्यामागे तोच पक्षी दिसतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, बोदलेअर आणि मालार्मे या दोघांनीही पालुपदासाठी फ्रेंच शब्द योजले होते. गोगँने ते न घेता मूळ इंग्रजी शब्द घेतला. व्हर्लेननेही १८६६ च्या आपल्या संग्रहात फ्रेंच कवितेला हेच इंग्रजी शीर्षक दिले होते. म्हणजे हा शब्द त्या वर्तुळात एक खूण झाला होता. ज्याला खूण पटेल तो आपला, असा त्याचा व्यवहार.

यापूर्वी गोगँ आपल्या चित्रांवर ताहितीय भाषेतील शीर्षके रंगवीत असे. १८९२ च्या अखेरीस पत्नीला धाडलेल्या पत्रात त्याने त्यांची भाषांतरे दिली होती. पण सूचीत मूळ शब्दच छापावेत असा त्याचा आग्रह होता. त्या शीर्षकांनी युरोपीय प्रेक्षकाला थोडे दूर ठेवले, परकेपणाची चव दिली. ‘नेव्हरमोअर’मध्ये दिशा उलटली आहे. फ्रेंच वसाहतीत, ताहितीय स्त्रीच्या खोलीत, इंग्रजी शब्द आला आहे, तोही पॅरिसच्या मोजक्या रसिकांसाठी. सहीखालचा ‘ओ. ताइति’ तर जुन्या दर्यावर्दींच्या ‘ओटाहिटी’ची आठवण करून देतो. ताहितीय भाषेत नामाआधी येणारे ‘हे अमुक आहे’ अशा अर्थाचे अव्यय त्या युरोपीय प्रवाशांनी बेटाच्या नावाचाच भाग समजून घेतले होते. तळहाताएवढ्या जागेत इंग्रजी शब्द, फ्रेंच नाव आणि ताहितीय अव्यय एकत्र नांदतात. चित्रातल्या स्त्रीचे नाव मात्र कोठेच नाही.

शब्द हा प्रतिमेतील तरंगते अर्थ नांगरतो, असे रोलाँ बार्थने १९६४ मध्ये जाहिरातींच्या संदर्भात दाखवून दिले. येथे तो नांगर म्हणून पडतो खरा, पण चित्रकारानेच पुढे तो उचलला. फेब्रुवारी १८९७ मध्ये आपला मित्र दानिएल द मोंफ्रे याला लिहिलेल्या पत्रात गोगँने शीर्षक कळवले आणि लगेच बजावले की, हा पोचा पक्षी नव्हे. हा पहाऱ्यावर बसलेला सैतानाचा पक्षी आहे. साध्या नग्न देहातून एक लोपलेले, आदिम वैभव सूचित करावे असा हेतूही त्याने त्याच पत्रात सांगितला आहे. पोचा शब्द लिहायचा आणि पोचा पक्षी नाकारायचा, या कृतीला विसंगती म्हणून सोडून देता येईल. परंतु अनेक समीक्षकांप्रमाणे ‘कलावंताच्या बोलण्यावर जाऊ नये’ असे म्हणून मोकळे होण्यात मला स्वारस्य नाही. नकारानेही संदर्भ पुसला जात नाही. उलट तो अधोरेखित होतो. शिवाय त्या नकारात तथ्यही आहे. पोच्या खोलीत आणि या खोलीत एक मूलभूत फरक आहे.

पोच्या कवितेत खोलीत जागा आहे तो पुरुष. तो ग्रंथ वाचतो आहे, त्याची प्रिया मृत आहे, म्हणजे स्त्री अनुपस्थित आहे. आणि पक्षी बोलतो. गोगँच्या चित्रात खोलीत जागी आहे ती स्त्री. पुरुष अनुपस्थित आहे, किंवा अधिक नेमकेपणाने सांगायचे तर तो चित्रफलकाच्या अलीकडे, आपण उभे आहोत तेथे आहे. पक्षी गप्प आहे. त्याच्या चोचीतला शब्द काढून भिंतीवर लिहिला गेला आहे. १८४६ मधील आपल्या रचनाविषयक निबंधात पोने म्हटले होते की, पालुपद उच्चारण्यासाठी त्याला विचारशक्ती नसलेला, पण बोलू शकणारा प्राणी हवा होता. आधी पोपट सुचला होता. पक्ष्याला शब्दाचा अर्थ कळत नाही. ऐकणारा पुरुष मुद्दाम असे प्रश्न विचारत जातो की त्या एकाच ठरावीक उत्तराने आपली जखम अधिकाधिक उघडी पडावी. अर्थ पक्ष्याचा नसतो, प्रश्नकर्त्याचा असतो. आपणही ‘नेव्हरमोअर’पुढे उभे राहून हेच करतो. प्रश्न आपण आणतो आणि उत्तर लिहिलेलेच असते.

अशा प्रश्नांपैकी सर्वांत प्रचलित प्रश्न चरित्रात्मक आहे. गोगँ त्या वेळी पुनाआउइआ येथे पाहुरा नावाच्या मुलीबरोबर राहत होता. त्याच्याकडे आली तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची होती. १८९६ च्या अखेरीस तिला मूल झाले आणि ते थोड्याच दिवसांत दगावले. त्याच सुमाराच्या ‘ते तामारी नो अतुआ’ या चित्रात पिवळ्या शय्येवर थकून पडलेली प्रसूता आणि मागे प्रभावलय असलेले बालक दिसते. त्यानंतर काही आठवड्यांत ‘नेव्हरमोअर’. पिवळा रंग उशीपुरता उरला आहे, बालक नाही, त्याच्या जागी पक्षी आहे. ही मांडणी हृदयस्पर्शी आहे आणि ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. काहीजण मात्र तिला गोगँची कन्या आलीन हिच्या मृत्यूचीही जोड देतात. ती जानेवारी १८९७ मध्ये कोपनहेगनला वारली, आणि बातमी बापाला पोचायला एप्रिल उजाडला. तोवर चित्र होऊन गेले होते. दुःखाच्या ओढीने समीक्षक टपालाच्याही पुढे धावतात, त्याचा हा नमुना.

पहिली जोड कालक्रमात बसते. तरीही तिचा परिणाम काय होतो? ‘कधीच नाही’ या अर्थाचा शब्द मातेच्या शोकाचे शीर्षक बनतो, आणि कडेला सरकलेली ती नजर शोकाकुल ठरते. पण चित्रात शोक दिसत नाही. दिसते ती सावधता. कान देऊन पडून राहणे वेगळे आणि दुःखाने पडून राहणे वेगळे. करुणेपोटी का होईना, आपण पुन्हा तिच्या डोक्यावर एक शब्द लिहितो.

आमच्या पदव्युत्तर वर्गांत हे चित्र दाखवले की दोन-चार विद्यार्थी तत्काळ अष्टनायिकांकडे वळतात : ही विरहोत्कंठिता की वासकसज्जा? ही सवय मला वाईट वाटत नाही, परंपरेशी त्यांचे काही नाते उरले असल्याचे ते लक्षण आहे. मात्र नायिकाभेदाची सारी व्यवस्था नायकाच्या संदर्भाने उभी आहे. तो येणार आहे, आला नाही, दुसरीकडे रात्र घालवून आला. या स्त्रीची नजर कोणाच्या वाटेला लागलेली नाही. तिचे लक्ष आहे ते दाराशी चाललेल्या बोलण्याकडे.

आपल्या काव्यशास्त्रातील दुसरी एक संकल्पना येथे अधिक उपयोगी पडते. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या तिसऱ्या उल्लासात आर्थी व्यंजनेची निमित्ते सांगितली आहेत. वक्ता कोण, बोद्धव्य म्हणजे ज्याला उद्देशून बोलले जाते तो कोण, काकू कोणता इत्यादी वैशिष्ट्यांत ‘अन्यसन्निधी’ हेही एक आहे. बोलणे एकाशी, पण जवळपास दुसरा कोणी आहे म्हणून त्या बोलण्यास वेगळा अर्थ प्राप्त होतो. त्याने दिलेले उदाहरण एका सुनेचे आहे. ती शेजारणीजवळ गाऱ्हाणे घालते की निष्ठुर सासू दिवसभर घरकामात राबवते, संध्याकाळी क्षणभर विसावा मिळाला तर मिळतो, नाही तर नाही. शेजारणीला सासुरवास कळतो. जवळच तटस्थासारख्या उभ्या असलेल्या प्रियकराला भेटीची वेळ कळते. येथे रचना अशी की, ज्याच्याशी उघड बोलणे चालले आहे त्याला कमी कळते आणि ज्याच्याशी बोलणे नाही त्या तिसऱ्याला सारे कळते. या रचनेची सूत्रधार स्त्री आहे. घर, सासू, शेजारीण या सर्वांच्या देखत तिने भाषेतून आपल्यापुरती एक वाट काढली आहे.

‘नेव्हरमोअर’ हे अन्यसन्निधीचेच चित्र आहे, पण उलटे केलेले. वक्ता चित्रकार, बोद्धव्य प्रेक्षक, आणि सन्निध असलेली तिसरी व्यक्ती ती स्त्री. शब्द तिच्या समक्ष, तिच्या उशाशी, तिच्याविषयीच उच्चारला जातो आणि तिच्या डोक्यावरून जातो. मम्मटाच्या उदाहरणात जवळचा तिसरा माणूस अर्थाचा खरा धनी असतो. येथे जवळची तिसरी व्यक्ती अर्थाचा विषय असते, धनी नसते. माझ्या म्हणण्याचा रोख पाहुराला इंग्रजी येत होते की नाही याकडे नाही. ताहितीला इंग्रजीचा वारा नव्हता असेही नव्हे : लंडन मिशनरी सोसायटीचे पहिले धर्मप्रचारक १७९७ मध्येच, या चित्राच्या बरोबर शंभर वर्षे आधी, त्या किनाऱ्यावर उतरले होते. प्रश्न चित्रांतर्गत रचनेचा आहे. शब्द तिच्या नजरेच्या कक्षेत नाही. तो खोलीतल्या भिंतीवर आहे की चित्राच्या पृष्ठावर, हेही नीट ठरवता येत नाही. पृष्ठावर असेल तर तो तिच्या जगातच नाही. भिंतीवर असेल तर तिच्या पाठीमागे आहे.

मानेच्या ‘ऑलिंपिया’शी तुलना केल्यावाचून हे पुरते उमगणार नाही. १८९१ मध्ये गोगँने त्या चित्राची प्रतिकृती केली होती. मानेची स्त्री प्रेक्षकाला सरळ डोळ्याला डोळा भिडवते. आलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहावे तसे पाहते. १८६५ च्या प्रदर्शनात लोक खवळले ते नग्नतेपेक्षा त्या पाहण्याने. गोगँच्या १८९२ मधील ‘मनाओ तुपापाऊ’त स्त्री पालथी पडून भेदरलेल्या डोळ्यांनी आपल्याकडे पाहते. ती भुतांना भिते, असा खुलासा चित्रकाराने केला. ग्रिझेल्डा पोलॉक यांनी १९९२ मधील आपल्या पुस्तकात या चित्राच्या निमित्ताने वसाहत, लिंगभाव आणि पॅरिसच्या कलाबाजारातील कुरघोडी यांचे नाते कठोरपणे उलगडले आहे. त्यांचे विवेचन मला बव्हंशी पटते. परंतु ‘नेव्हरमोअर’ला ते जसेच्या तसे लावले तर एक गोष्ट हातची निसटते. येथे स्त्रीने प्रेक्षकाकडे पाहणे थांबवले आहे. तिला आपली भीती नाही, आव्हान द्यायचे नाही, स्वागतही करायचे नाही. आपण तिच्या लेखी महत्त्वाचे नाही. देह आपल्यापुढे मांडलेला आणि चित्त दाराकडे, अशी ही फाळणी गोगँने योजून केली की चित्रणाच्या ओघात झाली, हे ठरवण्याची गरज नाही. ती फलकावर आहे.

२०१९ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीतील गोगँच्या व्यक्तिचित्रांच्या प्रदर्शनानंतर, त्याची चित्रे पाहावीत की नाही असा वाद जाहीरपणे झाला. कोवळ्या मुलींशी त्याने ठेवलेले संबंध आणि त्यांना मिळालेले वसाहतीचे छत्र यांविषयी हळुवार बोलण्याचे कारण नाही. पण न पाहण्याने त्या मुलीची सुटका होत नाही. ती चित्रातून गेली तर तिचे कान देऊन पडून राहणेही जाते, आणि उरते केवळ चित्रकाराचे चरित्र, म्हणजे पुन्हा तोच. अमृता शेर-गिल यांनी १९३४ मध्ये ताहितीय स्त्रीच्या रूपात रंगवलेले स्वचित्र या संदर्भात आठवते. उघड्या देहाने उभी असलेली ती तरुणी आपल्याकडे न पाहता कडेला पाहते, आणि तिच्यामागे एका पुरुषाकृतीची सावली पडली आहे. गोगँच्या चित्रात जो चौकटीबाहेर राहून शब्द लिहीत होता, त्याची सावली येथे चौकटीत पकडली गेली आहे. गोगँची निवड एका भारतीय-हंगेरियन चित्रकर्तीने अशा प्रकारे केली, हे मला पुष्कळ टीकाग्रंथांहून मोलाचे वाटते.

१८९८ मध्ये ‘नेव्हरमोअर’ फ्रेडरिक डेलियस या इंग्रज संगीतकाराने ५०० फ्रँकला विकत घेतले. खुणेचा शब्द योग्य घरी पोचला म्हणायचा.

राहता राहिल्या त्या दाराशी उभ्या असलेल्या दोन आकृती. टीकाकारांनी त्यांना कुजबुजणाऱ्या शेजारणी म्हटले आहे, भुतेही म्हटले आहे. चित्रात जे भाषण प्रत्यक्ष चालू आहे ते तेवढेच. पक्षी मुका आहे आणि शब्द लिखित आहे. ते भाषण ताहितीय भाषेत आहे असे धरणे स्वाभाविक ठरेल. पडलेल्या स्त्रीला ते ऐकू येते, आपल्याला नाही. आणि चित्रकाराला? वर्षानुवर्षे तेथे राहूनही गोगँचे ताहितीय भाषेचे ज्ञान कच्चेच राहिले. त्याने चित्रांवर रंगवलेल्या शीर्षकांतील व्याकरणाच्या आणि शब्दयोजनेच्या चुका अभ्यासकांनी पुढे दाखवून दिल्या आहेत. त्या घरात रोज जे बोलले जात होते ते त्याला अर्धेमुर्धेच कळत असणार. कोपऱ्यात त्याने आपल्याला येणारा, आपल्या मंडळींना कळणारा एक शब्द लिहिला, आणि समोरच्या कोपऱ्यात आपल्याला पुरते न कळणारे संभाषण रंगवले. निजलेल्या स्त्रीची बुबुळे त्या दुसऱ्या कोपऱ्याकडे वळलेली आहेत.